पायाची शीर ओढायची नाही, सरकवायची

नळावर, रेशनच्या रांगेत, विहाराच्या पायरीवर बायका मला थांबवतात आणि पायाचं दुखणं सांगतात. शब्द वेगळे असतात, पण दुखणं ओळखीचं असतं. "सिस्टर, रात्री तळव्यात मिरच्या भरल्यागत आग होते." "घोट्यापासून बोटांपर्यंत करंट मारतो." "गादीवर चालल्यासारखं वाटतं." "चप्पल पायातून कधी निसटली, कळलंच नाही."

मग केलेले उपायही सांगतात. कुणी गरम विटेने शेकलेलं असतं, कुणी बिब्ब्याचा चटका घेतलेला असतो. कुणी शीर बसवणाऱ्याकडून पाय खसकन ओढून घेतलेला असतो, तर कुणी दर आठवड्याला पैसे मोजून लाल इंजेक्शन टोचून घेत असतं.

यातलं काही करण्याआधी पाय का दुखतोय ते पाहायला हवं. स्नायू थकून दुखतो तेव्हा विश्रांतीने उतरतो. शिरेचं दुखणं तसं नाही. ते विश्रांतीच्या वेळी, रात्री अंथरुणावर जास्त जागं होतं. आणि त्यावर जोर केला तर ते वाढतं.

शीर म्हणजे नेमकं काय?

आपण बोलताना रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूलाही. इथे मी दुसऱ्या शिरेबद्दल बोलते आहे. पुस्तकात तिला मज्जातंतू म्हणतात, डॉक्टर नर्व्ह म्हणतात. पायाची शीर कमरेच्या मणक्यातून निघते, ढुंगणातून मांडीच्या मागे उतरते, गुडघ्याजवळ फाटे फुटतात आणि ती पार बोटांच्या टोकापर्यंत जाते. मोठ्या माणसात ही लांबी जवळपास एक मीटर भरते. इतक्या लांबच्या टोकाला पोषण पोचवणं शरीराला अवघड असतं. म्हणून वाढलेली साखर, दारू किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा मार बहुतेक वेळा आधी पायाच्या बोटांवर दिसतो.

आपण चालतो, बसतो, वाकतो तेव्हा ही शीर स्नायूंच्या आणि हाडांच्या मधल्या वाटेतून थोडी थोडी पुढेमागे सरकत असते. परकराच्या नेफ्यातली नाडी डोळ्यासमोर आणा. नाडी नेफ्यात अडकली की आपण काय करतो? हिसका दिला तर गाठ आवळते किंवा नाडी तुटते. म्हणून थोडी या बाजूने, थोडी त्या बाजूने करत हलक्या हाताने मोकळी करतो. पायाच्या शिरेचे व्यायाम नेमके असेच आहेत.

शीर कुठे त्रासात आहे, ते ओळखा

आतल्या घोट्याच्या मागे. घोट्याच्या आतल्या हाडामागून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून तळव्याची शीर, रक्तवाहिनी आणि स्नायूंच्या दोऱ्या अशा सगळ्या एकत्र उतरतात. घोटा मुरगळून सूज आली, पाऊल सपाट पडलं किंवा दिवसभर उभं राहिलं की तिथे शीर दबते. मग तळव्यात आग होते आणि मुंग्या येतात. घोट्याच्या हाडामागे बोटाने हलकेच टकटक केल्यावर तळव्यात झिणझिणी गेली, तर शीर तिथे दबली असण्याची शक्यता असते.

गुडघ्याच्या बाहेर, थोडं खाली. इथे एक हाडाचा गोळा हाताला लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक शीर जाते आणि तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते. तासन् तास उकिडवं बसून धुणं-भांडी करणं, भंगार निवडणं, फरशी पुसणं किंवा पायावर पाय टाकून बसणं यांमुळे ती दबते. मग नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वर बधिरपणा येतो, आणि जास्त दबली तर पाऊल वर उचलता येत नाही.

कमरेत. मणक्याजवळ शीर दबली तर कळ कमरेतून किंवा ढुंगणातून निघून एका पायात उतरते. पावलाच्या वर आणि अंगठ्याकडे, नाहीतर टाचेकडून बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत जाते. खोकलं किंवा शिंकलं की कळ वाढते. यात दुखतो पाय, पण दुखण्याचं मूळ कमरेत असतं.

दोन्ही पायांत सारखं. मोजा घातल्यासारखं दोन्ही पावलांत बोटांपासून वर चढत गेलं, तर शीर कुठे दबली आहे ते शोधत बसू नका. आधी साखर तपासा. टीबीच्या औषधांतल्या आयसोनियाझिड गोळीनेही असं होऊ शकतं. तेव्हा टीबीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आरोग्य कर्मचाऱ्याला सांगायचं, सोबत बी-६ ची गोळी देतात. साखरेची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, त्याची तपासणी मागून घ्या. लाल इंजेक्शनचा उपयोग बी-१२ कमी असेल तर होतो. सगळ्यांना ते लागत नाही.

कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. हा आजार पायाच्या याच शिरा धरतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. लपवून ठेवलं तर मात्र पाऊल वाकडं होतं.

आणि सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना फक्त टाचेत खिळा ठोकल्यासारखं दुखत असेल आणि चार पावलं चालल्यावर कमी होत असेल, तर ते बहुतेक तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं आहे, शिरेचं नव्हे.

व्यायामाआधी ही एक तपासणी

हिला पैसे लागत नाहीत आणि मिनिटभरात होते. आईचे, सासऱ्यांचे, स्वतःचे पाय घरातल्याच कुणाकडून तपासून घ्या. माणसाला आडवं करा आणि डोळे मिटायला सांगा. तुमच्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं झाली. "लागलं" असं त्याने सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर त्या पायाची संवेदना कमी झाली आहे असं समजा आणि दवाखाना गाठा.

या तपासणीचा मी इतका आग्रह का धरते, ते सांगते. डिप्लोमा करून मी नुकतीच वॉर्डात लागले होते. रात्रपाळीला साखरेच्या एक आजी म्हणाल्या, "पोरी, पाय गार पडलेत, गरम पाण्याची पिशवी दे." मी मायेने दिली. सकाळी चादर काढली तर दोन्ही तळव्यांवर फोड आले होते. आजी रात्रभर शांत झोपल्या होत्या, कारण त्यांना भाजलेलं कळलंच नव्हतं. एका पायाची जखम चिघळली आणि पुढे बोट काढावं लागलं. आजींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण तेव्हापासून स्पर्श तपासल्याशिवाय मी कुणाच्या पायाला उष्णता लावू दिलेली नाही.

आता व्यायाम

तीन नियम पाठ करा. पहिला, हलका ताण जाणवला की तिथूनच परत फिरायचं, ताणून धरून ठेवायचं नाही. दुसरा, श्वास रोखायचा नाही आणि हिसका द्यायचा नाही. तिसरा, व्यायामाने उठलेली झिणझिणी काही मिनिटांत शमली पाहिजे. तासभर राहिली किंवा रात्री दुखणं वाढलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मेच करा. तरीही वाढलं तर थांबवा आणि दाखवा.

१. पाऊल वर-खाली. आडवं पडून किंवा पाय लांब करून बसा. दोन्ही पावलं सावकाश आपल्याकडे ओढा, मग पुढे ढकला. असं वीस वेळा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आणि कामावरून आल्यावर करा. पोटरीचा स्नायू पंपासारखा चालतो, सूज उतरते आणि घोट्याजवळ शिरेला जागा मिळते.

२. अंगठ्याने अक्षरं. स्टुलावर बसून एक पाय थोडा उचला आणि अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई गिरवा. मांडी हलवायची नाही, फक्त घोटा फिरवायचा. आधी उजव्या पायाने, मग डाव्या. घरात बालवाडीचं मूल असेल तर त्याला शेजारी बसवा, आजी-नातवाचा अभ्यास एकत्र होईल.

३. कमरेतून येणाऱ्या कळीसाठी. पलंगाच्या कडेवर किंवा स्टुलावर बसा, हात मांडीवर ठेवा. दुखरा पाय गुडघ्यातून हळू सरळ करा, पावलाची बोटं आपल्याकडे असू द्या. त्याच वेळी मान वर करून छताकडे पाहा. आता गुडघा वाकवून पाय खाली घ्या आणि त्याच वेळी हनुवटी छातीकडे आणा. पाय वर जाताना मान वर, पाय खाली येताना मान खाली, ही जोडी महत्त्वाची. शीर एका टोकाने ताणली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाने सैल सुटते, म्हणून ती नुसती सरकते. दहा वेळा, दिवसातून दोनदा. हे करताना कळ आणखी खाली पायात उतरू लागली तर थांबा.

४. तळव्याच्या शिरेसाठी. पाठीवर झोपा. दुखऱ्या पायाची मांडी उभी करा आणि गुडघ्यामागे दोन्ही हातांनी किंवा पंचाने धरा. पावलाची बोटं आपल्याकडे ओढा आणि करंगळीकडची कड किंचित वर करून तळवा बाहेर वळवा. आता गुडघा हळूहळू सरळ करत जा. पोटरीत किंवा घोट्यात हलका ताण आला की लगेच गुडघा वाकवा आणि पाऊल सैल सोडा. दहा वेळा. गुडघा पूर्ण सरळ झालाच पाहिजे असं नाही. जिथवर जातो तिथवरच.

५. पावलाच्या वरच्या बाजूच्या शिरेसाठी. पकड तशीच ठेवा, फक्त पाऊल उलट करा. बोटं पुढे, खाली ढकला आणि तळवा आत वळवा. गुडघा हळू सरळ करा, ताण आला की परत या. दहा वेळा.

६. पोटरी सैल करणे. भिंतीला दोन्ही हात टेकवा. दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल सरळ पुढे. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका. तीस आकडे मोजा आणि सोडा. तीन वेळा. या व्यायामात मात्र धरून ठेवायचं, कारण इथे आपण स्नायू ताणतो, शीर नाही. झिणझिणी आली तर थोडं मागे या.

७. फडकं गोळा करणे आणि टाच उचलणे. जमिनीवर ओलसर फडकं पसरून बसा आणि पायाच्या बोटांनी ते आपल्याकडे गोळा करा, पाच वेळा. मग ओट्याला धरून उभं राहा, दोन्ही टाचा सावकाश उचला, सावकाश टेकवा, दहा वेळा. पावलाची कमान सपाट पडलेल्यांना याचा उपयोग होतो. चूल-गॅसवर काही उकळत असेल तेव्हा ओटा धरायचा नाही.

८. तोल. दाराच्या चौकटीला धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहा, मग दुसऱ्या. संवेदना कमी झालेली माणसं अंधारात पडतात, सार्वजनिक संडासाच्या ओल्या पायरीवर पडतात. म्हणून हा व्यायाम हवा. म्हाताऱ्या माणसाने शेजारी कुणी उभं असतानाच करावा.

सगळ्यांनी आठही करायची गरज नाही. तळव्यात आग असेल तर १, २, ४, ६ आणि ७. कमरेतून कळ येत असेल तर १ आणि ३. नडगीच्या बाहेर बधिरपणा असेल तर १, २ आणि ५. दोन्ही पायांत साखरेमुळे असेल तर १, २, ६, ७ आणि ८. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस मिनिटं पुरतात. शीर सावकाश सुधारते, म्हणून सहा आठवडे नेमाने करा आणि मगच गुण आला की नाही ते ठरवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. साखरेने खराब झालेली शीर व्यायामाने पूर्वीसारखी होईल, असं मी म्हणणार नाही. पण साखर ताब्यात ठेवली तर पुढची झीज मंदावते, आणि व्यायामाने ताकद, तोल आणि चालणं टिकतं. दबलेल्या शिरेला मात्र दाब काढल्यावर चांगला आराम पडू शकतो.

दाब काढणं म्हणजे काय?

व्यायाम वीस मिनिटं आणि दाब दहा तास, असं असेल तर गुण येणार नाही. भांडी घासताना, भाजी निवडताना उकिडवं बसण्याऐवजी बुटका स्टूल घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून चार पावलं टाका. ज्यांच्या घरी कामाला जाता तिथे स्टूल मागायला संकोच करू नका. बारा तास उभ्याने ड्युटी करणाऱ्या वॉचमन भावांनी मिळेल तेव्हा बसावं आणि पाऊल वर-खाली करावं. वंदनेला मांडी घालून पाय बधिर होत असेल तर विहारात खुर्ची घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घोट्याचा पट्टा किंवा पैंजण रुतत असेल तर काढा. टाच झिजलेली चप्पल पाऊल वाकडं पाडते, ती बदला. बोटं आवळणारा बूट बोटांमधली शीर चेंगरतो. संवेदना गेलेल्या पायाला मऊ एमसीआर रबराची चप्पल चांगली. कुष्ठरोगाच्या रुग्णांना ती सरकारी कार्यक्रमातून मिळते.

हे करू नका

बधिर पायाला शेक, गरम वीट, गरम पाणी, बिब्बा, डाग यांतलं काहीही नको. अंघोळीचं पाणी कोपराने तपासा. दारातल्या दारातसुद्धा अनवाणी जाऊ नका. रोज रात्री तळवे पाहा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा. चप्पल घालण्याआधी झटका, खडा अडकलेला असतो. साधी दुखण्याची गोळी शिरेच्या आगीवर फारशी चालत नाही, आणि रोज घेतली तर मूत्रपिंडाला इजा करते. शिरेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची असतात. तंबाखू आणि मिश्रीने पायाचा रक्तपुरवठा आवळतो. चालताना पोटरीत गोळा येऊन उभं राहिल्यावर थांबत असेल तर तो रक्तपुरवठ्याचा इशारा आहे.

व्यायाम नको, आधी दवाखाना

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. पाऊल वर उचलता येत नसेल, बधिर पायाला जखम किंवा फोड आला असेल, पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, अपघातानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी थांबू नका.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शंका पक्की करून घ्यावी लागते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा, त्या तुमचं नाव नोंदवतील.

१९४८ च्या सुरुवातीला, संविधानाच्या मसुद्याचं काम हातावेगळं करताना, बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांत शिरांच्या वेदना होत्या, झोप लागत नव्हती, इन्सुलिन घ्यावं लागत होतं. तेव्हा घरातली बाई पाय धरून बसली तर "नाटकं करते" म्हणू नका. ती स्वतःही म्हणणार नाही की माझं काय एवढं, चालायचंच.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचे पाय मांडीवर घ्या. डोळे मिटायला सांगा आणि सहा ठिकाणी हलकेच बोट लावून विचारा, "लागलं का?"